चौदावी ओळ

मी नर्सिंगच्या शाळेत बत्तीस वर्षं होते असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास आपला गुडघा पुढे करतो. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या तर अजूनही बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन येतात. दर वेळी त्यांना सांगते, की बाई, मी नर्स नाही. मी त्या शाळेच्या कार्यालयात होते. नर्स व्हायला जे कागद लागतात ते मी तपासायची. त्यावर त्या "अस्सं" म्हणतात आणि पाकीट तसंच पुढे धरून ठेवतात.

या अंकासाठी कामातल्या गमतीजमती लिहा, असा निरोप आला. गमती थोड्या आहेत, त्या आधी सांगून टाकते. नंतर जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, पण एकदा कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही.

आधी काम काय ते सांगते. बारावीनंतर नर्सिंगकडे जायच्या दोन सरळ वाटा आमच्याकडे होत्या. एक दोन वर्षांची, एएनएम. गावातल्या उपकेंद्रात लस टोचणारी, बाळंतपण करणारी सिस्टर असते ना, ती हा कोर्स करून आलेली असते. दुसरी तीन वर्षांची, जीएनएम, ती दवाखान्यातली. आता परीक्षा, फेऱ्या, याद्या सगळं ऑनलाइन झालंय. आमच्या वेळी शाळेची यादी शाळाच लावायची. पण तेव्हा काय आणि आता काय, शेवटी मुलीला अस्सल कागद घेऊन एका टेबलासमोर यावंच लागतं. त्या टेबलामागे मी बसायची.

टेबलामागच्या भिंतीवर एक यादी चिकटवलेली असायची. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, ज्यांना लागू त्यांचा जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, सरकारी डॉक्टरचं तब्येतीचं प्रमाणपत्र, पालकाचं हमीपत्र, फोटो आणि आणखी काय काय. शिक्षणात मधे वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट, म्हणजे मधली वर्षं कुठं होतात त्याचं प्रतिज्ञापत्र. एकूण चौदा ओळी. चौदाही कागद हातात असतील तर आत खुर्ची मिळायची. एक जरी कमी असला तर बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता, तिथे बसायचं. कागद पुरे होईपर्यंत आत यायचं नाही, हा माझा दंडक होता आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही मुलीचा प्रवेश पुढे कागदांपायी अडकला नाही. हे मी फुशारकीने नाही सांगत, आमचे ट्रस्टी दर वर्षी सांगायचे.

एकदा एक वडील आले. पोरीचे सगळे कागद त्यांनी मोठ्या मायेने लॅमिनेट करून आणले होते. गुणपत्रिका, दाखले, इतकंच नाही तर आमचा प्रवेश अर्जसुद्धा. अर्जावर सही कशी करायची आणि शिक्का कुठे मारायचा, असं मी विचारलं तर ते म्हणाले, पाण्यापावसात खराब होऊ नये म्हणून केलं. मी नवीन अर्ज दिला. तो भरून झाल्यावर ते जवळपास लॅमिनेशनचं दुकान आहे का ते विचारायला लागले.

त्या काळी छोटी मुलाखतही असायची. नर्स का व्हायचं आहे, या प्रश्नाला शंभरातल्या नव्व्याण्णव मुली रुग्णांची सेवा करायची आहे असं सांगायच्या. क्लासवाले तसं पाठ करून घ्यायचे. एकच मुलगी वेगळी निघाली. ती म्हणाली, "मले सुईची लय भीती वाटते, म्हणून मले देणारीच व्हायचं हाय." आमच्या ट्यूटर, कुंदा सिस्टर, इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला. त्या मुलीला आम्ही घेतलं, आणि पुढे ती उत्तम निघाली. लहान मुलं तिच्याकडून रडल्याशिवाय टोचून घ्यायची.

झाल्या गमती.

सुषमा आली त्याला आता बरीच वर्षं झाली. एएनएमच्या यादीत तिचं नाव होतं, आणि कागद तपासायचे तीन दिवस होते. पहिल्या दिवशी ती अकराच्या सुमारास माझ्या टेबलासमोर उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींच्या रांगेत ती एकटी मोठी होती. माहेर सक्करदऱ्याचं, सासर बुटीबोरीचं. नवरा, भोजराज, तिथल्या एका कापडगिरणीत कंत्राटी कामगार. वय चौतीस पूर्ण. एएनएमला वयाची अट पस्तिशीची. म्हणजे पुढच्या वर्षी ती अर्जच करू शकणार नव्हती. हे मी तिच्या जन्मतारखेवरून बोट फिरवताना पाहिलं आणि तिनेही पाहिलं, की मी पाहिलं.

तिचं गॅप सर्टिफिकेट सोळा वर्षांचं होतं. तसे कागद माझ्यासमोर शेकड्यांनी गेले असतील, आणि सगळ्यांवर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाचं एकच ठरलेलं वाक्य असतं, की घरगुती अडचणीमुळे शिक्षणात खंड पडला. कोणती अडचण, हे कोणी विचारत नाही. मीही विचारत नसे. त्या दिवशी कुंदा सिस्टर शेजारी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं. सुषमाने सांगितलं, की लग्न, एक मुलगी, आणि मग सासरे पडून होते. अंगावरून वारं गेलं होतं, सहा वर्षं अंथरुणावर. नळीने जेवण, बाकी सगळंही अंथरुणातच.

सिस्टरांनी विचारलं, पाठीला जखमा किती झाल्या?

"एकही नाही झाली, सिस्टर," ती म्हणाली. "दर दोन तासाले कूस बदलवत होती मी. घड्याळ लावून."

सहा वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीला एकही जखम नाही, याचा अर्थ काय हे माझ्यासारख्या कारकुनालाही कळतं. ती बाहेर गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "हिला पहिल्या वर्षात मी शिकवायचं काय?"

ती बाहेर गेली होती, कारण तिला मी बाकावर बसायला सांगितलं होतं. तेरा ओळी पुऱ्या होत्या, चौदावी अर्धी होती.

चौदावी ओळ अशी होती: विवाहित असल्यास पतीचे संमतीपत्र, व पती प्रत्यक्ष हजर. हॉस्टेलात दोन वर्षं राहावं लागायचं, म्हणून नवऱ्याची संमती, असं आम्ही सगळ्यांना समजावून सांगायचो. सुषमाकडे संमतीपत्र होतं. भोजराजने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली सही, सहीखाली गिरणीचा ओळखपत्र क्रमांकसुद्धा. पण तो आला नव्हता.

नवऱ्याची सही तर बायका स्वतःही ठोकतात, असं माझ्या मनात होतं. अशा दोन-तीन पकडल्याही होत्या मी. म्हणून मी तिला सांगितलं, की नवऱ्याला घेऊन ये, परवा पाचपर्यंत वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. भोजराजला सुट्टी मिळत नव्हती. कंत्राटी माणसाने न सांगता दिवस बुडवला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो, हे तिने मला समजावून सांगितलं, अजिबात आवाज न चढवता. बुटीबोरीत रोज गिरणीवर जाणाऱ्या माणसांच्या घरात ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. मग तिने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला. पलीकडून भोजराज 'नमस्कार मॅडम, नमस्कार मॅडम' म्हणत होता, मला ऐकू येत होतं. गिरणीचा घरघराट त्याच्या मागे चालू होता.

मी फोन हातात घेतला नाही. मी म्हटलं, "फोनवर माणूस हजर होत नाही, बाई. नियम आहे."

हे वाक्य मी अगदी शांतपणे बोलले. मी कधीच कोणावर ओरडले नाही. नियम आहे म्हटलं की ओरडायची गरज पडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहालाच ती बाकावर येऊन बसली. भोजराजने सुपरवायझरला विनवणी केली होती, तो दुपारी सोडतो म्हणाला होता. दुपार झाली. तिने डबा आणला होता, तो तिच्या मांडीवर तसाच बंद होता. दर थोड्या वेळाने ती फाटकाकडे बघायची. चार वाजता मी चहाला बाहेर आले तेव्हा ती उठून उभी राहिली. मी मानेनेच बस म्हटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ते येतीलच. नाही आले तर माह्या भावाले बोलावू का? तो सक्करदऱ्याहून अर्ध्या तासात येते."

मी म्हटलं, भाऊ म्हणजे नवरा नाही. हे म्हणताना मला स्वतःला काही विचित्र वाटलं नाही, हे मला आज विचित्र वाटतं.

पाच वाजता मी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीचं नाव पुकारलं. एकोणीस वर्षांची, बारावी नुकतीच झालेली, वडील सोबत, तिला लागू होत्या तेवढ्या सगळ्या ओळी पुऱ्या. ती नाचायचीच बाकी होती. त्या मुलीचा काही दोष नाही, तिचंही भलं झालं. सुषमाने आपले अस्सल कागद परत मागितले. मी पोच लिहिली, तिने सही केली. कागद एकेक करून प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवले, क्रमाने, माझ्या यादीच्या क्रमाने. "बरं मॅडम, येतो," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला भोजराज आला. गिरणीचा निळा सदरा अंगावर होता, त्यावर कापसाचे तंतू. रात्रपाळी करून, पाळी बदलून घेऊन सरळ आला होता. त्याला घरून काही कळलं नव्हतं का, की कळूनही आला होता, ते मी विचारलं नाही. मी त्याला फलकावरची नवी यादी दाखवली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली, वरपासून खालपर्यंत, जणू तिचं नाव कुठेतरी असेल. मग तो टेबलाशी परत आला.

"मॅडम, एक विचारू? मी आलो असतो तं मले काय सांगा लागलं असतं?"

इतक्या वर्षांत मी एकाही नवऱ्याला काहीही विचारलं नव्हतं. ते यायचे, खुर्चीत बसायचे, इकडेतिकडे बघायचे, मी चौदाव्या ओळीसमोर बरोबरची खूण करायची, झालं. मी खरं तेच सांगितलं, की काही सांगायचं नव्हतं, फक्त हजर राहायचं होतं.

"बस, एवढंच?" तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं झालं असतं. हात जोडून निघून गेला.

त्यानंतर मी माझं काम करत राहिले. चार-सहा दिवस रुखरुख वाटली, मग पुढच्या वर्षाच्या अर्जांचा ढीग आला. बत्तीस वर्षं कोणी एकेका माणसाचं दुःख उराशी धरून नोकरी करत नाही. नियम कडक असतात, आपण काय करणार, असं मी घरी म्हटलं, आणि आमच्या ह्यांनीही मान डोलावली.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी चार्ज देत होते. माझ्या जागी वैशाली येणार होती. मीच शिकवलेली, हुशार, अक्षर मोत्यासारखं. जुन्या लोखंडी कपाटातल्या फायली तिला मोजून द्यायच्या होत्या. तळाशी एक फाइल निघाली, 'प्रवेश, किरकोळ' असं लिहिलेली. वैशाली तेव्हा जेवायला गेली होती. मी सहज उघडली. आत आमच्या यादीचा सगळ्यात जुना कागद होता, सायक्लोस्टाइल केलेला, शाई पसरलेली. त्यावर तेरा ओळी होत्या.

तेराव्या ओळीच्या खाली निळ्या पेनने एक ओळ हाताने लिहिलेली होती. विवाहित असल्यास पतीचे संमतीपत्र, व पती प्रत्यक्ष हजर.

अक्षर माझं होतं.

मग आठवलं, एकदम सगळं. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. एका विद्यार्थिनीचा नवरा भर दुपारी शाळेत शिरला होता. बायको आपल्याला न विचारता आली म्हणून आरडाओरडा, शिव्या, हॉस्टेलाच्या दाराला लाथा. बायकोला हाताला धरून घेऊन गेला. तेव्हाच्या आमच्या प्राचार्या बाई घामाघूम होऊन कार्यालयात आल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून नवऱ्याला विचारून घेत जा गं बाई, कटकट नको." एवढंच. ना आदेश, ना ठराव, ना नर्सिंग कौन्सिलचं पत्र. मी नवी होते, उत्साही होते. नुसतं विचारून घेऊन भागणार नाही, माणूस समोर पाहिजे, असं मला वाटलं. मी पेन काढलं आणि लिहिलं. पुढच्या वर्षी टायपिस्टाने ती ओळ टाइप केली. नंतर संगणक आला, तिला आकडा मिळाला. त्यानंतर ती मलाही नियम म्हणूनच दिसायला लागली.

त्या आठवड्यात मी कौन्सिलची सगळी पुस्तकं, सगळी परिपत्रकं उघडली. अशी अट कुठेच नव्हती, कधीच नव्हती. एका धटिंगणाने एकदा गोंधळ घातला आणि त्याची शिक्षा पुढच्या सगळ्या बायकांना, तीही माझ्या अक्षरात. किती जणी त्या बाकावरून परत गेल्या असतील ते मी मोजायला बसले नाही. रजिस्टरं समोर होती, मोजता आलं असतं. हिंमत झाली नाही.

मी काय केलं, तर कागद फाइलीत परत ठेवला. वैशाली जेवून आली, तिने मोजून फायली घेतल्या, दोघींनी चार्जच्या यादीवर सह्या केल्या. निरोप समारंभात मला साडी-नारळ मिळाला. ट्रस्टींनी भाषणात सांगितलं, की मॅडम नियमांच्या पक्क्या. मी हात जोडून बसले होते.

वर्षभर गप्प राहिले. सकाळी फिरायला जाणं, भाजी, टीव्ही, देवपूजा. पण दुपारी आडवी झाले की ती फोल्डरात क्रमाने कागद ठेवताना दिसायची. शेवटी एक दिवस बस धरून बुटीबोरीला गेले. तिचा पत्ता मी नोकरीच्या शेवटच्या दिवशी अर्जावरून उतरवून घेतला होता. का उतरवून घेतला, तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

खोल्यांची एक लांब ओळ, मधोमध नळ. नळावरच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "सिस्टरकडे का? शेवटची खोली." मी दचकले. पण तिथे तिला सगळे सिस्टरच म्हणतात. कोणाचं ड्रेसिंग बदलायचं, कोणाच्या बाळंतिणीला बघायचं, कोणाचा ताप, सगळे तिच्याकडे येतात. नोकरी मात्र आयाची. एका खाजगी दवाखान्यात बारा तासांची ड्यूटी, फरशी आणि बेडपॅन.

तिने मला लगेच ओळखलं. "या ना मॅडम," म्हणून खुर्ची पुसली. आत सासू होत्या, त्या म्हणाल्या, "सुषमा, चहा मांड वं." भोजराज कामावर होता. मुलगी कॉलेजला गेली होती. चहा होईपर्यंत मी इकडचं-तिकडचं बोलले. बोलायला बसलेल्या माणसाला कपातला चहा संपला की काही आडोसा राहत नाही, तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. निळं पेन, तेरा ओळी, माझं अक्षर.

ती रडली नाही. माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सासूबाईंना नीट कळलं नसावं, त्या एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. मी माफी मागितली. मला रडू आलं, तेही मी लपवलं नाही. तिने मला पाणी दिलं. मला वाटत होतं, आता ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हीची मी तयारी करून गेले होते.

तिने वेगळंच विचारलं.

"मंग थे खोडलं का, मॅडम?"

मी नाही म्हणाले. म्हणजे म्हणावं लागलं. इतकं सगळं रामायण सांगायला मी बस धरून आले होते, आणि ओळ तिथे भिंतीवर तशीच होती. मला माझं ओझं उतरवायचं होतं, ते मी तिच्या खोलीत आणून टाकलं होतं. दुसरं काही नाही.

"माहं तं वय गेलं," ती म्हणाली. "पन औंदाही येईन ना कोणी. खोडलं की मले फोन करजा."

तिने माझा नंबर नाही मागितला. स्वतःचा लिहून दिला, एका औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेले. वैशालीने मोठ्या प्रेमाने खुर्ची दिली, चहा मागवला. मी तिला फाइल काढायला लावली, कागद दाखवला, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या यादीकडे बघून म्हणाली, "मॅडम, पण मी कशी काढू? इतक्या वर्षांपासून आहे. ऑडिटवाल्यांनी विचारलं तर? वरून ऑर्डर पाहिजे ना. नियम आहे शेवटी."

तिचा आवाज अगदी शांत होता. कुठून शिकली ते मला विचारायची गरज नव्हती.

मग मी अर्ज केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज घेतले, पहिल्यांदा स्वतः लिहिला. प्राचार्यांच्या नावे, विषय, संदर्भ, जुन्या कागदाची प्रत जोडून. वैशालीने आवक क्रमांक घालून पोच दिली. आत्ताच्या प्राचार्या तरुण आहेत, भल्या आहेत. म्हणाल्या, कमिटीपुढे ठेवते. महिन्याने गेले तर कमिटी बसली नव्हती. पुन्हा गेले तर विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं होतं. मी चिडले नाही. या टेबलाची चाल मला ठाऊक आहे, तिला घाई करता येत नाही. पण घरी येऊन गुडघ्याला तेल लावताना थकवा यायचा. ओळ लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

यंदाच्या कागद तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला मी शाळेत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. यादी भिंतीवर होती, चौदा ओळींची, नवी छापलेली. दुपारपर्यंत दोन विवाहित बायका आल्या, दोघींचे नवरे सोबत होते, त्यांचं काही अडलं नाही. साडेतीनच्या सुमारास एक जण एकटी आली, तिशीची असेल. आत जाऊन लगेच बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून फोन लावायला लागली. लागत नव्हता. मांडीवर फोल्डर.

मी सरकून तिच्याजवळ गेले आणि विचारलं, चौदावी ओळ का? तिने मान हलवली. नवरा ट्रकवर, छत्तीसगडात कुठेतरी. मी तिला सांगितलं, की आत जा, वाद घालू नको, रडू नको. फक्त इतकंच म्हण, की या कारणासाठी माझा प्रवेश नाकारला असं लिहून द्या, खाली सही आणि शिक्का द्या. ती घाबरली. तुमी कोण, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ही यादी मी केली आहे.

ती गेली. जो नियम कुठे नाहीच, त्यासाठी नाकारलं असं लिहून सही करायला कोणताही कारकून धजत नाही. मी धजले नसते. शेवटी ती बाहेर आली, तिच्या मागोमाग वैशाली. मला बघून वैशाली थबकली.

"अरे, मॅडम, तुम्ही? इथं बाहेर काहून बसल्या? आत या ना."

"माझा अर्ज पडून आहे, वैशाली," मी म्हटलं. "पुरा होईपर्यंत बाहेर बसायचं असतं. मीच शिकवलंय तुला."

तिने आपल्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग तिने त्या बाईच्या हातातून फोल्डर घेतलं आणि ती आत गेली. ती बाई कधी माझ्याकडे, कधी दाराकडे बघत माझ्या शेजारी बसली. झालं का, असं तिने दोनदा विचारलं. मला माहीत नव्हतं, मी तसं सांगितलं. पाच वाजायला अजून वेळ होता. मी पर्समधून ती औषधाची चिठ्ठी काढली, सुषमाचा नंबर फोनमध्ये घातला, आणि न लावता तसाच फोन हातात धरून बसून राहिले.